बिनदुधाची पांढरी कॉफी

"बारा वाजल्यावर दुधाची कॉफी पेते, अन् आपल्याले शील देते. वा रे वा!"

विहाराच्या मागच्या नळावर ग्लास धुता धुता काकू हे म्हणाल्या. काकू म्हणजे आमच्या वॉर्डातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या सोबतीला समोरच्या घरची वहिनी होती. ती फक्त "हो ना वो" म्हणाली आणि साबणाचा हात पुढच्या ग्लासात घातला. मी भिंतीच्या अलीकडे उभी होते. हातात आईचा, त्या दिवशी दुसऱ्यांदा भरून आणलेला थर्मास होता आणि थर्मासमध्ये तीच कॉफी होती. काकूंनी नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. आमच्या वॉर्डात बायकांना शील देणारी एकच बाई आहे आणि ती माझी आई आहे.

"तुले कसं समजलं पण?" वहिनीने विचारलं.

"कसं म्हणजे? डोये नाहीत का मले? आपल्या ग्लासात काय असते? काया चहा. तिच्या ग्लासात पाह्य. पिवया-पांढरा रंग. ते का कोरं हाये?"

"पोरगी आणून देते वाटते घरून."

"मंग! इंग्लिश शिकलेली पोरगी हाये. मायले कॉफीशिवाय चालत नसन."

त्या हसल्या. वाईट हसल्या असं म्हणता येणार नाही. भांडी घासताना बायका हसतात तसं हसल्या. मी तिथून हललेही नाही आणि पुढेही गेले नाही. नळ बंद झाला, ग्लासांची टोपली आत गेली, तेव्हा मी वळसा घालून पुढच्या दारातून विहारात गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. पांढरी साडी, गळ्यात काही नाही, कानात काही नाही. डोळे मिटलेले, दोन बोटं कपाळाच्या बाजूला दाबून धरलेली. मी थर्मास तिच्याजवळ ठेवला. तिने डोळे न उघडताच हात पुढे केला. मी ग्लासात कॉफी ओतून दिली, आणि पहिल्यांदाच त्या ग्लासाकडे काकूंच्या नजरेने पाहिलं. खरंच, दूध घातल्यासारखीच दिसत होती.

पावसाळ्याचे तीन महिने आमच्याकडे वर्षावास असतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात वाचन होतं आणि पौर्णिमेला ज्या बायकांना जमेल त्या अष्टशील पाळतात. पांढरं नेसायचं, दागिने घालायचे नाहीत, आणि दुपारी बारानंतर जेवायचं नाही. बारानंतर पाणी चालतं, गाळलेला रस चालतो, कोरा चहा चालतो. दूध चालत नाही. दूध हे अन्नात धरतात. भन्ते म्हणजे भिक्खू आले तर शील तेच देतात, पण दिग्रससारख्या गावात प्रत्येक पौर्णिमेला प्रत्येक विहारात भन्ते कुठून येणार? मग ज्या बाईला सगळं पाठ आहे ती शीलाची एकेक ओळ म्हणते आणि बाकीच्या तिच्यामागून म्हणतात. आईला सगळं पाठ आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिला काही येत नव्हतं. भाकरी थापताना टेपवर कॅसेट लावून ऐकून ऐकून ती शिकली. कॅसेटमधला आवाज जिथे खोकला होता, तिथे आई आजही किंचित थांबते. हे फक्त मला माहीत आहे.

आई अंगणवाडी सेविका आहे. सकाळी पोरं गोळा करायची, खिचडी, वजनं, मोबाईलमध्ये सगळ्यांची माहिती भरायची, नेटवर्क नसलं की गच्चीवर जाऊन भरायची. दुपारी घरी येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर बोलायचंसुद्धा उरलेलं नसतं. तिला कुणी "बाई" म्हणतं, कुणी "मॅडम" म्हणतं, वरिष्ठ बाई फोनवर काय काय म्हणते. विहारात मात्र ती एक ओळ म्हणते आणि पन्नासेक बायका तिच्यामागून तीच ओळ म्हणतात. तेवढा वेळ तिचा आवाज वेगळाच असतो. घरात तो आवाज मी कधी ऐकला नाही.

आणि आई चहावर चालते. बाबा जिनिंगमध्ये फिटर आहेत. ते म्हणतात, "तुही आई डिझेलवर नाही, चहावर चालते. टाकी खाली झाली का गाडी बंद." ते खरंच आहे. दुपारचा दुधाचा चहा चुकला की तिचं डोकं दुखायला लागतं, उजव्या बाजूने सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यात उतरतं. कोरा चहा तिला सोसत नाही. पित्त होतं, मग उलटी. यंदा तिने ठरवलं की वर्षावासातल्या सगळ्या पौर्णिमा पाळायच्या. आषाढ पौर्णिमेला ती काकूंच्या आग्रहाखातर दोन ग्लास कोरा चहा प्यायली आणि घरी येऊन न्हाणीत बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की हिने आता झोपावं.

मी घरूनच काम करते. एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची. दिवसभर मी इंग्रजीत अनोळखी लोकांची माफी मागते. त्यांना माझा आवाज ऐकू येत नाही, म्हणून मला ते काम जमतं. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. बाबांची हौस. त्यामुळे झालं काय, की माझं मराठी पाठ्यपुस्तकातलं राहिलं. घरात सगळे मले-तुले बोलतात आणि मी मला-तुला. लहानपणी मी विहारात काही बोलले की काकू म्हणायच्या, "आली वो बातम्या देणारी!" सगळ्या हसायच्या. प्रेमानेच म्हणायच्या. पण मी हळूहळू बोलायचं कमी केलं, आणि मग ती सवय झाली. गप्प राहिलं की दिसतं मात्र खूप. कोण कुणाच्या शेजारी बसत नाही, कोण चपला कुठे काढतं, कुणाच्या ग्लासात किती साखर.

पांढरी कॉफी मला नागपूरला समजली. कॉलेजात असताना माझ्या खोलीत राहणारी मुलगी चिकमगळूरकडची होती. तिच्या मामाचा तिकडे कॉफी भाजायचा छोटा कारखाना आहे. सुट्टीवरून येताना ती एकदा पिशवीभर बिया घेऊन आली. मला वाटलं, शेंगदाणे आहेत. रंग तसाच, फिका, मातकट. वास घेतला तर भाजलेल्या गव्हासारखा. ती म्हणाली, ही पण कॉफीच आहे, फक्त भाजणं अर्ध्यावर सोडलंय. नेहमीची कॉफी काळीभोर होईपर्यंत, तेल सुटेपर्यंत भाजतात, म्हणून ती कडू. ही मंद आचेवर ठेवायची आणि रंग बदलायला लागला की उतरवायची. बी आतून कच्चट राहते, म्हणून इतकी टणक असते की घरच्या मिक्सरला ऐकत नाही. आम्ही ऐकलं नाही. हॉस्टेलच्या मिक्सरमध्ये घातली आणि पातं तुटलं. वॉर्डनने आम्हा दोघींना खाली बोलावलं आणि विचारलं की मिक्सरमध्ये गिट्टी घातली होती का. त्यानंतर तिचा मामा दळूनच पाठवायचा.

पाण्यात उकळून गाळली की ती काळी होत नाही. फिकी, किंचित गढूळ, पातळ चहासारखी दिसते. चव म्हणाल तर कडू नाही. फुटाणे भाजताना घरभर जो वास पसरतो, त्याची जर चव असती तर ती अशी असती. मागून थोडी आंबूस. आणि रंगावरून वाटतं ही हलकी असेल, तसं नाही. कमी भाजली म्हणून तिच्यातला जोर कमी होत नाही, नेहमीच्या कॉफीइतकाच असतो. पहिल्यांदा मी परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन कप प्यायले आणि माझे हात थरथरायला लागले. ती हसून म्हणाली, रंगावर गेलीस ना?

आमच्याकडे सगळेच रंगावर जातात. चहा लाल असला की कडक, फिका असला की पाणचट. हॉटेलात माणूस कपात डोकावूनच ठरवतो, कुणाच्या हातचा आहे. काळपट म्हणजे कोरा, फिका म्हणजे दुधाचा. मधलं काही नाहीच.

आषाढ पौर्णिमेनंतर मी चिकमगळूरच्या त्या मैत्रिणीला फोन केला आणि एक पाकीट मागवलं. श्रावण पौर्णिमेच्या आधी ते आलं. मी आईला घरीच आधी करून दिली. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत एक घोट घेतला.

"हे काय वो? फुटाण्याचं पाणी?"

"कॉफी आहे. दूध नाही यात."

"कॉफी अशी राह्यते?"

"ही पांढरी कॉफी आहे. कमी भाजलेली."

"आपल्या घरी सारंच अर्धवट," असं म्हणून तिने ग्लास संपवला. थोड्या वेळाने म्हणाली, "पोटात गुरगुरलं नाही." आईकडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

श्रावण पौर्णिमेला मी थर्मास नेला. त्या दिवशी विहारात वेगळीच गंमत झाली, त्यामुळे आईच्या ग्लासाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. विहाराच्या स्वयंपाकघरात दुपारी दोन गंजं, म्हणजे मोठी पातेली, असतात. एकात दुधाचा चहा, पोरांसाठी आणि शील न पाळणाऱ्यांसाठी. दुसऱ्यात कोरा, वरून लिंबू पिळलेला. काकूंनी बोलता बोलता लिंबू चुकीच्या गंजात पिळलं. बघता बघता सगळा चहा फाटला. वर गुठळ्या, खाली पिवळं पाणी.

"काकूनं पनीर केलं वो!" वहिनी ओरडली.

"आणा मटार," काकूच म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. काकूंना स्वतःवर हसता येतं. म्हणूनच त्यांचा राग धरता येत नाही. त्यांनाही चहा लागतो, त्यांचंही डोकं दुखतं, त्या डोक्याला ओढणी घट्ट बांधून दिवस काढतात. आपण एवढं सोसतो आणि ही बाई गुपचूप दुधाची पिते, असं त्यांना वाटलं असेल. मीही त्यांच्या जागी असते तर मला तसंच वाटलं असतं.

भाद्रपद पौर्णिमेला त्यांनी ग्लास पाहिला, आणि नळावरचं ते बोलणं झालं.

घरी आल्यावर मी थर्मास धुऊन पालथा घातला. रात्री कामाची पाळी होती. एका माणसाचं पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं. मी त्याची तीन प्रकारे माफी मागितली. मध्येच नव्या खिडकीत पांढऱ्या कॉफीविषयी शोधलं. काकूंना दाखवायला काहीतरी हवं होतं. पहिलंच जे आलं त्यात लिहिलं होतं, पांढरी कॉफी म्हणजे दूध घातलेली कॉफी. त्याच्याखाली मलेशियातली होती, ती तर घट्ट गोड दूध घालूनच देतात. आणखी खाली अरबांची एक होती, त्यात कॉफीच नव्हती, फुलांचं पाणी होतं. माझी, म्हणजे अर्धी भाजलेली, पार तळाला. घरातलं पाकीट काढून पाहिलं. त्याच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत व्हाइट कॉफी. बस. हे दाखवलं असतं तर काकू म्हणाल्या असत्या, पाह्य, छापलंच हाये की. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एक मेसेज टाईप केला. वाचला. तो चॅटवर ग्राहकाला लिहितात तसा झाला होता. पुसून टाकला.

काही दिवसांनी काकू घरी आल्या. सोयाबीन काढणीचे दिवस होते, त्या शेतातून सरळच आल्या होत्या, साडीला कुसळं लागलेली. मी पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले होते, कानाला हेडफोन. हेडफोनमध्ये काहीच चालू नव्हतं. पण तो लावला की लोक तुमच्यासमोर बोलतात.

"जयभीम बाई."

"जयभीम. बसा. चहा मांडू?"

"नको वो, घाईत हाये." पण त्या बसल्या. बसून दारातल्या चपलांकडे पाहत राहिल्या. "बाई, तुमची तब्येत बरी नाही राहात म्हणून म्हणलं. या पौर्णिमेले तुमी आराम करा. शील वहिनी देईन. तिले पाठ झालं हाये म्हणते."

आई भांड्यात पीठ घेत होती. पीठ घेऊन झालं, झाकण लावलं.

"चालते," ती म्हणाली.

"तसं काही नाही वो बाई, पण बायका बोलून राह्यल्या..."

"काय बोलून राह्यल्या?"

काकूंनी साडीचं एक कुसळ उपटलं. मग, "जाऊ द्या. शेवटची पौर्णिमा हाये, कायले तोंडाले तोंड लावता."

"चालते म्हणलं ना," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. काकू उठल्या, दारात थांबल्या, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काम चालू हाये का पोरी?" मी मान हलवली.

त्या गेल्यावर मी हेडफोन काढला. "तू सांगत का नाहीस? दूध नाही हे तुला माहीत आहे."

"मले माहीत हाये, झालं."

"त्यांना नाही माहीत."

"मंग का ग्लास घेऊन घरोघरी फिरू? पाहा वो, पाहा, माह्या ग्लासात काय हाये ते?" तिने परातीत पाणी ओतलं. "पोरायच्या खिचडीचा हिशोब देऊ, वजनाचा देऊ, आता पेण्याचा बी देऊ? थकली मी."

"पण शील..."

"शील कोणी बी देवो. पाळते कोण, ते महत्त्वाचं." ती पीठ मळायला लागली. बराच वेळ मळत राहिली, पोळीच्या पिठाला लागतो त्याहून जास्त. मग म्हणाली, "अन् ते कॉफी आणू नको आता. कोणाले दिसाले नको."

तिचं म्हणणं मला पटत होतं आणि सहनही होत नव्हतं. शील कोणीही द्यावं हे खरंच आहे. पण त्यानंतर ती रोज संध्याकाळी वाचनाला जाऊन मागे बसायला लागली. पूर्वी ती येताना काहीतरी गुणगुणत यायची. आता चपलांचा आवाज यायचा, मग कडीचा, मग गॅस पेटवल्याचा. बाबांनी एकदा विचारलं, "काय झालं वो, टाकी खाली हाये का?" तिने गॅसची आच वाढवली. बाबांनीही मग टीव्ही लावला.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती असते. विहार भरला होता. पोरं पताका लावत होती, माईक मधूनमधून शिटी मारत होता. आई सगळ्यात मागे, खांबाला टेकून बसली. मी तिच्या बाजूला. वहिनी पुढे बसली. तिने नवीन पांढरी साडी घेतली होती आणि ती घाबरलेली होती, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. सुरुवात बरी झाली. मध्ये कुठेतरी तिची ओळ अडकली. माईकमध्ये तिचा श्वास ऐकू यायला लागला. बायका थांबल्या. काकू चुळबुळ करायला लागल्या. तेव्हा माझ्या शेजारून आईने पुढचे दोन शब्द म्हटले. हळू, पुढच्या बाईपर्यंत जेमतेम पोचतील एवढे. ते शब्द एकीकडून दुसरीकडे सरकत पुढे गेले आणि वहिनीपर्यंत पोचले. तिने ओळ उचलली. मागे वळून कुणी पाहिलं नाही. ते शब्द कुठून आले, हे सगळ्यांना कळलं होतं.

दुपारी बाराच्या आधी जेवणं झाली. त्यानंतर बायका पसरल्या, कुणी पाय लांब केले, कुणी गप्पा मारत बसल्या. आई जागेवरून हलली नाही. ऊन आश्विनातलं होतं, टिनाच्या छपराखाली डोकं उकळत होतं. हळूहळू तिची दोन बोटं कपाळाच्या बाजूला गेली. वहिनी कोऱ्या चहाचा ट्रे घेऊन आली. आईपाशी थोडी जास्तच वाकली. "घ्या ना बाई." आईने ग्लास घेतला. मी तिच्याकडे पाहिलं. ती तो पिणार होती आणि घरी जाऊन न्हाणीत बसणार होती, आणि कुणाला त्याबद्दल बोलणार नव्हती.

मी उठले. घर जवळच आहे. बाबा झोपले होते. मी गॅसवर पाणी ठेवलं, पाकीट काढलं, कॉफी घातली, उकळी आली तशी फडक्यातून गाळली. फ्रिजमधलं दूध समोर दिसत होतं. मी फ्रिजचं दार लावलं. थर्मास भरला आणि आई नको म्हणाली होती तरी निघाले.

मी विहारात सरळ आईकडे जाणार होते. पण स्वयंपाकघराचं दार मध्ये लागतं आणि काकू दारातच होत्या. डोक्याला ओढणी करकचून बांधलेली, डोळे बारीक झालेले. ओट्यावर कोऱ्या चहाचं गंज, बाजूला ताटलीत चिरलेली लिंबं. आतमध्ये आणखी चार-पाच बायका. त्यांनी थर्मास पाहिला.

"आणली का मायसाठी?" काकू म्हणाल्या. थकलेल्या आवाजात म्हणाल्या, टोमणा मारायचीही ताकद नसल्यासारख्या. "दे बाई, दे. आमी का कोणाले अडवून राह्यलो. आमचं कोरंच बरं."

कुणीतरी हसलं. वहिनी मात्र हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हातातला पेला उगाच पुसायला लागली.

मला वाटलं होतं, आता मी समजावून सांगेन. भाजणं, रंग, बी कशी असते, चिकमगळूर. सगळी वाक्यं डोक्यात तयार होती, एकापेक्षा एक नीट, आणि सगळी बातम्यांसारखी. मी थर्मासचं झाकण उघडलं, ओट्यावरचा एक स्वच्छ ग्लास घेतला आणि त्यात कॉफी ओतली. फिकी, गढूळ, वाफाळती. ग्लास काकूंच्या समोर ठेवला. थोडी कॉफी ओट्यावर सांडली. दाराबाहेर आई उठून उभी राहिलेली दिसली. तिने मान हलवून नको म्हटलं.

मी ताटलीतली लिंबाची एक फोड उचलली आणि काकूंच्या हातात दिली.

"काकू, हे पिळा याच्यात. दूध असन तं फाटन."